ताज्या बटाट्यांची न्योकी

रविवारी अकरा वाजता अफिफाताई आमच्याकडं न्योकी खायला येणार होत्या, आणि सव्वानऊला माझ्या बायकोच्या पातेल्यात खळ शिजत होती. आकाशकंदील चिकटवायला करतात ना, अगदी तशी. वर तरंगायच्या त्या सगळ्या न्योकी पाण्यात विरघळून गेल्या होत्या. हे सगळं माझ्यामुळं झालं होतं, पण मला ते ठाऊक नव्हतं. त्यामुळं मी तोऱ्यातच विचारलं, "झालं का गं?"

तेजस्विनीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

न्योकी म्हणजे काय, हे आता मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. बटाटा शिजवायचा, कुस्करायचा, त्यात मूठ-दोन मूठ मैदा आणि मीठ. फार मळायचं नाही. बोटाएवढी वळकटी करायची, तिचे पेरभर तुकडे पाडायचे आणि उकळत्या पाण्यात सोडायचे. वर आले की झाले. इटलीतली माणसं हे खातात आणि गेले बारा दिवस महाळुंगे पडवळमधला मी, भरतही, खात होतो. लोण्यावर तव्यात खरपूस केलेली खाल्ली, टोमॅटो-लसणाच्या रश्श्यातली खाल्ली. एकदा उरलेली न्योकी मी शेंगोळ्यांच्या रश्श्यात टाकली, तर आरोही, आमची लेक, ताट चाटून उठली. बाराच्या बारा दिवस एकदाही बिघडली नव्हती.

अफिफाताई मूळच्या जुन्नरच्या, मंचरला हायवेलगत त्यांचा कॅफे आहे. त्यांचा स्वयंपाकी अचानक सोडून गेला. बचत गटाच्या स्टॉलवर त्यांनी तेजस्विनीची मासवडी खाल्ली आणि तिथंच म्हणाल्या, "या हाताला न्योकी जमलीच पाहिजे. पुढच्या रविवारी घरी येऊन खाते. जमली तर माझं किचन तुमचं." त्याच दिवशी दुपारी नारायणगावच्या दुसऱ्या एका बाईंची न्योकी त्या खाणार होत्या. म्हणजे संधी एकच.

ही नोकरी तिला का हवी, हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं. "शेताला तुमचं नाव, घराला आईंचं. माझ्या नावाचं काय हाय का इथं?" मी चप्पल घालून वावरात निघून गेलो होतो. माझी आई, प्रयागबाई, हिनं मात्र उत्तर दिलं होतं. "लोकांची उष्टी भांडी उचलायला जायचं का आता?" असं म्हणून ती जी फुगली होती, ती आठवडाभर ओट्यावर पावटा सोलत बसली होती. घरात एवढा पावटा कुणी खाणार नव्हतं.

तर मी म्हटलं, तेजस्विनीसाठी आपणही काहीतरी केलं पाहिजे. रविवारी पहाटे उठलो, वावरात गेलो, काल काढणी झालेल्या सऱ्यांतून चाचपून उरलेसुरले बटाटे गोळा केले. काय बटाटे होते! पातळ साल, अंगठ्यानं निघणारी. ती गोठ्यात असताना मी आयुष्यात पहिल्यांदा कुकर लावला, बटाटे उकडले, सोलले आणि परातीत झाकून ठेवले. तिनं झाकण काढून बघितलं, तेव्हा खुशीनं लाल झाली होती. खोटं कशाला सांगू, मीही झालो होतो.

आता ती पातेल्याकडं बघत म्हणाली, "अहो, कोपऱ्यातल्या पाटीतलेच बटाटे घेतले ना?"

"ते सुरकुतलेले? ते म्हशीला घातले. आपल्या घरी पावणं येणार आणि जुना बटाटा? आपण बटाटेवाले हाय! काढणी झाली की पहिली पाटी पाहुण्याची, हे आमच्या आज्यापासनं चालत आलंय."

तिनं हातातला झारा खाली ठेवला. "नवा बटाटा पाण्यानं भरलेला असतो. त्याची न्योकी व्हत न्हाई. पेठचे, माझ्या माहेरचे व्हते ते. चार महिन्यांचे जुने. त्यातलं पाणी आटलेलं."

चूक माझी असली की मला राग येतो. ही माझी जुनी खोड आहे. "मग आधी सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं व्हतं. तुमी मोबाईल बघत व्हता."

मी मोटारसायकल काढली आणि गावभर फिरलो. जिथं जावं तिथं नवा बटाटा. कुणाची काल काढणी, कुणाची परवा. दुकानातसुद्धा गावचाच नवा माल. बटाट्याच्या गावात चार जुने बटाटे मिळेनात! शेजारच्या झुंबरबाईंनी तर माझ्या हातात नव्या बटाट्यांची पिशवी कोंबली आणि वर म्हणाल्या, "पावणं येणार हायेत ना, ताजेच ने."

घरी आलो तेव्हा पावणेदहा झाले होते. मैदा वाढवला तर न्योकी रबरासारखी होते. अंडं घातलं तर बांधली जाते, पण आईच्या गळ्यात माळ आहे आणि आमच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही. माझ्या हातानं मी तिची नोकरी घालवली होती आणि त्याची मला इतकी लाज वाटत होती की पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती.

तेजस्विनीनं ती पिशवी ओढून घेतली. आत हात घालून एक बटाटा दाबून बघितला. मग एकदम तिचे डोळे चमकले.

"पाणीच काढायचंय ना? मग पाण्यात उकडायचे कशाला? न्हाणीच्या चुलीत निखारा हाय का अजून?"

होता! सकाळच्या आंघोळीचा रसरशीत निखारा होता. मी धावत सुटलो. लहान लहान बटाटे निवडून निखाऱ्यात पुरले, वर गरम राख ओढली. साल काळी पडेपर्यंत मी तिथून हललो नाही. सव्वादहाला पहिला बटाटा फोडला, तर आतून वाफेचा लोट निघाला आणि गर मोकळा, रवाळ. "आणा! आणा!" ती आतून ओरडत होती. गरमगरम सोलायचे म्हणून दोघांची बोटं पोळली. पुरणयंत्राचा दांडा मी फिरवला. स्वच्छ धोतरावर गर पसरून वाफ जाऊ दिली. तिनं मैदा भुरभुरला, चार वेळा हात फिरवला आणि थांबली. एकच तुकडा पाण्यात सोडला.

तो बुडाला.

आम्ही पातेल्यावर वाकलो. आरोही मध्ये घुसली. तुकडा तळाला हलला, जरा फिरला, आणि टुण्णदिशी वर आला. अखंड! आरोही अशी किंचाळली की आई ओट्यावरून उठून दारात आली.

साडेदहा वाजून गेले होते. तेजस्विनी एकेक तुकडा काट्याच्या चमच्यावर दाबून रेघा उठवत होती आणि तुकडे तर परातभर होते. आई बघत राहिली. दोन झाले, चार झाले. पाचव्याला तिला राहवेना.

"ह्या रेघा कशाला गं?"

"लोणी धरून ठेवायला, आई. गुळगुळीत असलं तर निसटून जातं."

"मग चमच्यानं व्हय? फणुल्या कधी केल्या न्हाईस का?"

रुखवतात ठेवायला गव्हाच्या पिठाच्या इवल्याशा फणुल्या करतात, लाकडी फणीवर बोटानं फिरवून. आईनं पेटीतून कोरी फणी काढली, धुतली, पदर खोचला आणि पाट ओढून बसली. अंगठ्याचा एक झटका, की एक न्योकी. तेजस्विनी कापतेय, आई फणीवरून उडवतेय. तिचा हात दिसत नव्हता नुसता! मधेच म्हणाली, "इटलीच्या बायकांनी आमच्याकडनंच उचललंय हे." तेजस्विनी हसली, आणि मग आईही हसली. आठवड्याचा फुगा तिथंच फुटला.

अकराला दहा कमी असताना अफिफाताईंची स्कूटर अंगणात आली.

तेजस्विनीनं तव्यात लोणी सोडलं, ठेचलेला लसूण, मग उकडलेली न्योकी. खालून सोनेरी झाल्यावर कोथिंबीर आणि मिरीपूड. ताटली पुढं ठेवली आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. तिचे ओठ कोरडे पडलेले मला दिसत होते.

अफिफाताईंनी एक खाल्ली. दुसरी खाल्ली. भुवई वर गेली. "धुराचा वास येतोय."

मी बोलायला तोंड उघडलं, तर तेजस्विनीनं हातानंच थांबवलं. "येणारच ताई. बटाटे नवे व्हते, उकडून केली तर न्योकी विरघळली. म्हणून चुलीत भाजले. पहिला घाणा बिघडला, तो पातेल्यात हाय अजून. दाखवू का?"

अफिफाताईंनी ताटली रिकामी केली, बोट फिरवून लोणीसुद्धा पुसून घेतलं आणि खिशातला फोन काढला. आम्हाला वाटलं, झालं.

"हॅलो ताई, मी अफिफा. दुपारी येत नाही. माफ करा, मला माणूस मिळालं." फोन ठेवून त्या उठल्याच. "कच्ची न्योकी किती आहे? डब्यात भरा. साडेबाराला मुंबईचे सात जण येतायत, त्यांना हाच वास हवाय. कामाला सोमवारपासून कशाला, आजच सुरुवात करा. बसा मागं."

तेजस्विनीनं माझ्याकडं बघितलं. आईकडं बघितलं. आईनं फणी धुऊन, पुसून तिच्या हातात दिली. "जा. हात धू आधी."

पण हात धुवायला वेळ कुठं होता? कोपरापर्यंत मैदा, मांडीवर डबा, डोक्यावरचा पदर वाऱ्यावर, आणि स्कूटर मंचरच्या रस्त्याला लागलीसुद्धा. आरोही मागं पळत गेली. मी हात हलवत राहिलो. रडू येत होतं आणि हसूही, आणि मी दोन्ही येऊ दिलं.

घर एकदम शांत झालं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की चौदा वर्षांत पहिल्यांदा, दुपारी आम्ही काय जेवायचं हे न सांगता तेजस्विनी घराबाहेर पडली होती.