डस्टरापुढचं गाऱ्हाणं

दुर्गाबाईंनी टेबलावर डस्टर उभं केलं, त्याच्यापुढे जास्वंदीचं फूल ठेवलं आणि म्हणाल्या, "हो आमचो देव. जेच्या मनात जा काय सलता, तेचा हेका गाऱ्हाणा घाला."

तिसरीचा वर्ग खिदळला. गाऱ्हाणं वालावलच्या पोरांना शिकवावं लागत नाही. देवळात एक जाणता हात जोडून गावाचं दुखणं देवाला सांगतो आणि दर वाक्याला सगळे "होय म्हाराजा" म्हणतात. जिल्हा नवा झाला तशी शिक्षकांची शिबिरंही नवी निघाली होती. कुडाळच्या शिबिरात साहेब म्हणाले, मुलांना मन मोकळं करायला शिकवा. कसं ते सांगायच्या आत जेवणाची सुट्टी झाली. मग बाईंनीच ही युक्ती काढली.

बाबली उठला.

"बा देवा म्हाराजा, हो शंकर माझी पेन्सिल चावता!"

"होय म्हाराजा!"

"तेचे दात पाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सवयीने शंकरही ओरडला, आणि वर्ग लोळायला लागला.

त्या गडबडीत सुगंधा उभी राहिली. शाळा उघडल्यापासून हजेरीलासुद्धा जिचा आवाज फुटला नव्हता, ती.

"बा देवा म्हाराजा, माझो बापूस आयेक मारता."

"होय म्हाराजा!"

"लाकडान मारता. तेचो हात धर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा!" पोरं तितक्याच जोरात ओरडली. बाईंनी सुगंधाला जवळ घेतलं. पोर बोलली, या आनंदात पुढचं काही त्यांना सुचलंच नाही.

पोरांनी ते गाऱ्हाणं गाण्यासारखं घरी नेलं. दिवेलागणीला सोड्याच्या दुकानावर बापये एकमेकांना टाळ्या देत म्हणत होते, "सत्यवानाचो हात धर रे म्हाराजा!"

सकाळी सुगंधाचा बापूस सत्यवान शाळेत आला. धुतलेला सदरा, हातात दोन शहाळी.

"बाईनू, चेडू बोलूक लागला. तुमचे उपकार."

"सत्यवान, घरात तू—"

"घरातला घरात, बाईनू," तो हसून म्हणाला आणि शहाळी टेबलावर ठेवून गेला.

सुगंधा शाळेत आली नव्हती. बाई तिच्या घरी गेल्या. दार पुरतं उघडलंच नाही. फटीतून तिच्या आईने, सीतेने, पदर कपाळावर ओढला.

"माझ्या चेडवाक आता काय्येक शिकवू नकात," ती म्हणाली. "पाया पडतंय तुमच्या."

हेडमास्तर श्रीपाद गुरुजींनी ऐकून घेतलं. "मी बोलान बघलंय असतंय, बाई. पण मी बोललंय, तरी रातीक सीता खंय जातली?" ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. पुसून झाला तरी पुसत बसले.

सोमवारी सुगंधा आली. बापूस सोडायला आला होता, तो पडवीतच थांबला. बाईंनी फळ्यावर पाढे लिहायला घेतले. मागे टेबल वाजलं म्हणून वळून बघतात, तर सुगंधाने टेबलावरचं डस्टर उभं केलं होतं. फूल नव्हतं.

"बा देवा म्हाराजा, माझो बापूस बरो आसा. आये पाय घसरान पडली."

कोणी ओरडलं नाही. पोरं बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. सुगंधाही बघत होती. तिचे हात जोडलेलेच होते, होकार आल्याशिवाय सुटणार नव्हते. पडवीत चपला करकरल्या.

"होय म्हाराजा," बाई म्हणाल्या.

मग पोरं म्हणाली.