शेंडा

"खुडलंस?" ट्रूडाने तळघराच्या जिन्यावरूनच नवऱ्याला विचारलं.

कॉर्नी तंबूतून अर्धा बाहेर आला. कपाटाएवढ्या त्या काळ्या तंबूत दिव्याखाली गांजाचं एकच रोप होतं आणि त्याचा शेंडा कॉर्नीच्या चिमटीत होता.

"शेंडा मारला की फांद्या फुटतात. दुप्पट फुलं येतील, बघ."

"ती बाई काय म्हणाली होती?"

बी विकणाऱ्या बाईने बजावलं होतं की ही जात उजेड-अंधार बघत नाही, वय झालं की फुलते. हिला कात्री नको, नख नको. जखम भरायला हिच्याकडे सवड नसते. कॉर्नीने मान डोलावली होती आणि गाडीत बसल्यावर हसला होता. लेमिंग्टनच्या काचघरांत टोमॅटोचे शेंडे खुडण्यात त्याचा उभा जन्म गेला होता. त्याला कोण शिकवणार?

ट्रूडाचा कॅन्सर हाडांत उतरला होता. डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती दिवसभर गुंगीत पडायची आणि तिला ईस्टरचा पास्का, तो गोड पाव, एकदा शेवटचा स्वतःच्या हातांनी मळायचा होता. गांजाच्या तेलाने तेवढं साधेल अशी तिला आशा होती. तेल गावातच, हमरस्त्यावरच्या दुकानात राजरोस मिळत होतं. पण दुकानासमोर आपली गाडी दिसली तर जुन्या वळणाच्या मेनोनाइट पंथाच्या चर्चमध्ये तोंड कसं दाखवायचं, हा कॉर्नीचा प्रश्न. शिवाय जन्मभर पिकवणाऱ्याने पाला विकत आणायचा? म्हणून हे लवकर येणारं बी, आणि तळघर.

रोप वीतभरच राहिलं. कॉर्नीने खत बदललं, दिवा खाली घेतला, "फुटेल, फुटेल" म्हणत राहिला. ते फुटलं नाही. वय झालं तसं फुललं आणि संपलं. सगळं पीक एका चहाच्या कपात मावलं. ट्रूडा तोवर अंथरुणाला खिळली होती.

"उद्या दुकानातनं आणतो," तो कप तिच्यापुढे धरून म्हणाला.

"आता गाव बघणार नाही?" ती कपाकडे बघत म्हणाली. "मला शाळेत शिकवायचं होतं, ते तू खुडलंस. मी दुसरीकडून फुटले, कॉर्नी. मला वेळ होता."

त्याने कप तिच्या उशाशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने भरदुपारी दुकानासमोरच गाडी लावली. रांगेत त्याच्या पुढे चर्चच्या गायकवृंदातली लेना उभी होती, गुडघ्यांसाठी मलम घ्यायला. तिने ट्रूडाची चौकशी केली आणि हेच तेल चांगलं म्हणून एक बाटली दाखवली. इतक्या भीतीचं एवढंच झालं.

बाटली घरी आली तेव्हा ट्रूडाच्या घशाखाली पाण्याचा घोटही उतरत नव्हता.

ईस्टरच्या आदल्या सकाळी कॉर्नीने जन्मात पहिल्यांदा कणीक मळली. ट्रूडा पडल्या पडल्या सांगत होती, अंडी किती, लोणी कधी. मळून झाल्यावर त्याने पातेलं तिच्या उशाशी ठेवलं आणि सवयीने दाबून बघायला बोट पुढे केलं.

"हात लावू नकोस," ती डोळे मिटून म्हणाली. "फुगू दे."

तो खुर्चीवर बसला, हात मांड्यांखाली घेऊन. कणीक फुगली, काठाला आली, काठावरून चादरीवर ओघळली. ट्रूडा पुन्हा काही बोलली नाही, तिची छातीही हलत नव्हती. तिने सांगितल्याशिवाय तो हात लावणार नव्हता.