कुंडलिकचा कार्डिओग्राम

"शर्ट काढ," म्हणून दवाखान्यात कार्डिओग्राम काढणाऱ्या वनमालाने मान वर केली आणि तिचा हात जागीच थांबला.

कुंडलिक! सत्त्याऐंशीच्या नवरात्रात घाटकोपरच्या याच कुंडलिकने तिच्या भावाला, नंदकुमारला, गोळ्या विकल्या होत्या. "डिस्को दांडिया आहे यार, रात्रभर नाचशील." नंदू नाचला. पहाटे छाती धरून दवाखान्यात गेला, तेव्हा काय खाल्लंस या प्रश्नावर "काय नाय, दमलोय" एवढंच म्हणाला. गोळीचं नाव काढलंस तर पोलीस नेतील, असं कुंडलिकनेच पढवलं होतं. तेविसाव्या वर्षी पोरगं गेलं, आणि मित्रांची तोंडं उघडली ती थेट तेराव्याला.

आज हा छाती धरून आला होता. स्वतःचाच माल खाऊन, हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्याने तिला ओळखलं नाही. तिने नेहमीसारखी जेली लावली, वायरी जोडल्या, यंत्र सुरू केलं. कागदावर सुई पिसाटासारखी धावायला लागली.

डॉक्टरांनी पट्टी पाहिली. "नशेचं काही घेतलंयस? खरं सांग. घेतलं असशील तर हे इंजेक्शन जिवावर बेतेल."

कुंडलिकने दाराशी ड्युटीवर उभ्या हवालदाराकडे पाहिलं. "नाय साहेब. वडापाव बाधला."

नर्स शांताबाईंनी इंजेक्शन भरलं.

वनमाला गप्प राहिली. नुसतं गप्प तर राहायचं होतं! वर्षभर तिने देवाकडे दुसरं काही मागितलंच नव्हतं. शांताबाईंनी त्याच्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला, तेव्हा मात्र तिच्या मनात आलं, हा असा मेला तर सुटलाच की. उद्या अख्खी वस्ती म्हणेल, बिचारा, वडापावाने गेला.

"एक मिनिट, शांताबाई." ती त्याच्या कानाशी वाकली. "मी नंदकुमारची बहीण. त्याला काय पढवलंस ते आठवतंय ना? आता तूही गप्प राहा. मीही राहते."

कुंडलिकने इंजेक्शनच्या सुईकडे पाहिलं आणि बोंबच ठोकली. "गोळ्या खाल्ल्या साहेब! तीन! मीच विकतो, मीच!"

हवालदाराने वही काढली. वनमालाला दया आली असं कुणी म्हणू नये. तिला ते त्याच्याच तोंडून, चारचौघांत ऐकायचं होतं.

डॉक्टरांनी औषध बदललं. दुपारपर्यंत त्याचे ठोके ताळ्यावर आले आणि हातात बेडी पडली. त्याची आई, सोनूबाई, धापा टाकत आली. कुणीतरी तिला काहीतरी सांगितलं असावं. तिने वनमालाचे दोन्ही हात धरले.

"बाय माजे, तुज्यामुळा माजो झील वाचलो गो! घराक कोण कोण असा तुज्या?"

वनमालाने हात सोडवून घेतले.

"आता फक्त आई," ती म्हणाली, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.