फाटकाच्या डावीकडचा पाम

मित्रांनो, रोह्याजवळच्या वरसे गावात आलात, तर एका निळ्या फाटकाशेजारी उंच, काटकुळा पाम दिसेल. तो मी. माझी पंख्यासारखी पानं बघून लोक मला ताड समजतात आणि ताडगोळे कधी लागणार म्हणून विचारतात. या जन्मात नाही लागायचे, बाबांनो. मी परदेशी जातीचा!

पूर्वी या फाटकाला आम्ही दोघे होतो. १९९१ साली पुंडलिकनं खांब गावच्या रोपवाटिकेतून आम्हाला जोडीनं आणलं. डावीकडचं रोप त्यानं लावलं. उजवीकडे मला त्याच्या बायकोनं, सगुणानं लावलं. त्याच वर्षी दिवाळीआधी पुंडलिक तापानं गेला. तेव्हापासून सगुणाचा जीव डाव्या पामात अडकला.

आम्ही दिसायला सख्खे भाऊ, पण जात वेगळी. माझ्या देठांवर लाल झाक, त्याचे देठ हिरवे. त्याच्या पानांना पांढरे दोरे लोंबायचे, माझे कधीच गळून गेले. मी भराभर वाढणारा, कितीही पाणी पिणारा. तो कोरड्या मुलखातला, बुंध्यानं जाड, सावकाश वाढणारा. पण हे तेव्हा कुणाला ठाऊक? रोपवाटिकेत आमची रोपं एकाच ओळीत ठेवलेली होती.

आठ वर्षांत मी कौलांच्या वर गेलो, तो खिडकीशीच राहिला. येणारा-जाणारा म्हणायचा, डावा खुरटला. सगुणाला ते फार लागायचं. मला मात्र, खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

एका पावसाळ्यात त्याची पानं पिवळी पडली. सगुणा भातशेतीच्या घरात वाढलेली. खाचरातलं पाणी निसटून भात पिवळं पडलं, की बांध घालून पाणी कोंडायचं, हे तिच्या हाताला पाठ. तिनं त्याच्याभोवती गुडघाभर बांध घातला, वर शेणखत टाकलं.

शेजारची हौसा म्हणाली, "सगुणा गो, झाडाला एवढं पाणी कशाला?"

"उजवा बघ कसा वाढलाय," सगुणा म्हणाली. "ह्याला पण तेवढं मिळू दे."

मी पाणी पीत होतो आणि तो बुडत होता. मला बोलता येत असतं तर!

गोकुळाष्टमीच्या सुमारास त्याचा मधला कोंब सगुणाच्या हातात निघून आला. कुजलेला. रोपवाटिकेतल्या पोपट माळ्याला बोलावलं. त्यानं पायानं बांध फोडला आणि मान हलवली.

"आक्का, हा वेगळा हाय. ह्याला कोरडं लागतं. चूक आमची, सांगितलंच नाय."

सगुणा चिखलातच बसली. "धन्यानं लावलेला," ती म्हणाली, "मीच बुडवला."

आता ती थकली आहे. उन्हाळ्यात सकाळी दोन कळशा भरून आणते. एक मला घालते. दुसरी उचलून सवयीनं डावीकडे जाते, रिकाम्या जागेशी थबकते आणि परत येऊन तीही माझ्याच मुळाशी ओतते.

मित्रांनो, घरात, वर्गात, बागेत कुणी मागं पडलेला दिसला, तर त्याला दुसऱ्याच्या मापानं मोजू नका. त्याला काय हवं, ते आधी बघा. माझा भाऊ ज्या मापानं मोजला गेला, ते माप मी होतो. त्याच्या वाटची कळशी आजही मलाच प्यावी लागते.