पिवळी वायर

"वहिनी, हसू नका. बोटीच्या एकाच बॅटरीवर पंपही आणि गाण्याचं यंत्रही ठेवलंत, तर एक दिवस दोघांतलं एक उपाशी मरेल," धक्क्यावरचा इंजिन-मिस्त्री म्हणाला होता.

तिने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. कॉलेजात विज्ञान शिकलेली ती. बंद असलेला स्टिरिओ वीज खातो ती चिमणीच्या चोचीएवढी, हे तिला ठाऊक होतं. शिवाय नवरा गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेले सासरे त्या स्टिरिओपायी उठून बसले होते. पक्कड कुठे ठेवलीस म्हणून तिच्यावर खेकसलेही होते. ते खेकसणंसुद्धा तिला गोड लागलं.

नवऱ्याची गाडी विकायची ठरली होती. जन्मभर बोटींच्या वायरिंगमध्ये हात काळे केलेल्या सासऱ्यांनी एकच अट घातली: गाडी जाऊ दे, तिचा स्टिरिओ माझ्या बोटीत बसवणार. त्याची लाल वायर किल्लीची. किल्ली फिरवली की आवाज सुरू. पिवळी मात्र कायम बॅटरीला चिकटलेली. कुठल्या बटणावर कुठलं स्टेशन, आवाज केवढा, हे लक्षात ठेवायचं काम तिचं. ती क्षणभर सुटली की यंत्राची पाटी कोरी.

"पोराने लावलेली बटणं आहेत ती," सासरे म्हणाले. "सुटता कामा नयेत."

म्हणून त्यांनी आधी दुचाकीची छोटी बॅटरी जोडली आणि मगच गाडीची वायर तोडली. वरात निघाली. पुढे स्टिरिओ छातीशी धरलेले सासरे, मागे एका हातात बॅटरी आणि कडेवर लेक घेतलेली सून, मध्ये हातभर वायर.

"काका, सलाईन लावलेला पेशंट नेताय की काय?" मिस्त्री ओरडला.

"नेतोय. तू वाट सोड. सूनबाई, पावलाला पाऊल लाव गं, ताण पडतोय."

बोटीत त्यांनी पिवळी वायर थेट बॅटरीला दिली, लालला वेगळं बटण बसवलं आणि ते दाबलं. खर्रर्र. नुसती खरखर, पण नेमकी त्याच्या गाडीतल्या आवाजाएवढी. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. लेक झोपेना तेव्हा नवरा तिला गाडीत घालून फिरवायचा, आणि स्टेशन नसलेल्या जागेवर मुद्दाम रेडिओ लावायचा. त्या खरखरीत पोर गुडुप व्हायची. आत्ताही, भर सकाळी, तिच्या खांद्यावर लेकीची मान कलंडली.

"स्टेशन बंद पडलेलं दिसतंय," सासरे म्हणाले. "पण त्याने लावलंय म्हणजे काहीतरी असणारच."

सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं. त्यांचा चेहरा पाहिला आणि मिटलं.

मग ते रोज बोटीवर जाऊ लागले. परत आले की हातपाय धुता धुता म्हणायचे, "आज मध्येच कोणीतरी बोलल्यासारखं वाटलं." बोटीची दोरी मात्र कधी सुटली नाही. तिने कारण विचारलं.

"इंजिन सुरू करताना बॅटरीला दचका बसतो," ते म्हणाले. "तेवढ्यात ते विसरलं तर?"

इंजिन चालेना, म्हणून बॅटरी भरेना. बोटीच्या तळाला पाणी झिरपतंच; ते उपसणारा पंप उरलीसुरली वीज पीत राहिला.

एका दुपारी ते जेवायला आले नाहीत. ती लेकीला घेऊन धक्क्यावर गेली. सासरे पोटरीभर पाण्यात उभे राहून बादलीने पाणी बाहेर फेकत होते. पंप मुका होता. त्याच्या वायरीची टोकं कापून, टेप गुंडाळून नीट बाजूला ठेवली होती.

"बाबा, पंप?"

"सोडवला. दोघांना पुरत नाही."

"अहो, दुसरी बॅटरी आणते. तेव्हा जोडलीत तशीच जोडा."

त्यांनी बादली ठेवली आणि हात पुढे केले. बोटं वाऱ्यावरच्या पानासारखी थरथरत होती.

"मग मी जोडते."

"तू?" घरात शिरलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी पाहिलं.

तेव्हा तिचा बांध फुटला. "बाबा, तिथे स्टेशन नाही. कधीच नव्हतं. ही झोपावी म्हणून नुसती खरखर लावायचा तो!"

सासऱ्यांनी बटण दाबलं. "कान देऊन ऐक."

त्यांना खोटं पाडायचं म्हणूनच ती ऐकत राहिली. खरखर, बोटीच्या अंगावर पाण्याची चापट, पुन्हा खरखर. आणि त्या खरखरीच्या पोटातून, आतल्या खोलीतून नवरा द्यायचा तसा, अर्धवट लक्ष असलेला हुंकार.

"हं."

"ऐकलंस ना?" सासरे म्हणाले.

"नाही," ती म्हणाली. लेकीला घट्ट धरून पायऱ्या चढताना तिने मागे पाहिलं नाही.

त्यानंतर ती धक्क्यावर गेलेली नाही. सासरे हल्ली घरी येत नाहीत. त्यांचं जेवण ती तिकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवते. ती पाण्याला भीत नाही. एकदा गेलो तर आपणही ऐकत बसू, आणि पोर कडेवरच मोठी होईल, याला भिते.

तिच्या दारावरून गेलात तर पिशवी तुमच्याही हाती येईल. ती म्हणेल, तिकडेच जाताय ना? मग एवढं कराच. वरूनच हाक मारा. पाणी फेकल्याचा आवाज आला तर पिशवी ठेवून पुढे जा. नुसतीच खरखर ऐकू आली, तर मात्र खाली उतरा. उतरा, त्यांना हाताला धरून वर आणा. पण ऐकत थांबू नका.