गोठ्याची खिडकी

माणूस तुम्हीच पाठवलात, साहेब. नाही म्हणू नका. खेडच्या कचेरीतला होता, पण धाडलेला तुमचा. भर दुपारी त्यानं आमच्या कुरुळीच्या पाराला सायकल टेकवली, टोपीनं घाम पुसला आणि बसलेल्या गड्यांसमोर मोठ्यांदा विचारलं, "तात्याबाची लेक, गवरा. ती कोणत्या फडात नाचायला होती?"

तात्याबा म्हणजे माझा बाप. तो तिथंच बसला होता.

मग कोंडीरामनं तोंड उघडलं. या माणसानं जन्मात कुणाबद्दल बरं बोललेलं नाही. तंबाखू मळत म्हणाला, "फडात? आमाला तर पिंपरीत बाटल्या तपासती म्हनून सांगितलंय."

"विद्यापीठानं विचारलंय. नाच शिकायला अर्ज केलाय तिनं. आधी तमाशात होती का, एवढं कळवायचंय."

"नाच शिकायला? आन् विद्यापीठात?" कोंडीराम हसला. "तात्याबा, आरं लेक शिकायला घातली म्हनलास, ही शाळा व्हय?"

"माजी लेक म्याट्रिक झाल्याली हाय," एवढंच बोलून बाप उठला आणि अनवाणीच घरी आला. वहाणा पाराखाली राहिल्या. दिवेलागणीला कोंडीरामनं त्या आणून दिल्या. वहाणांचं नुसतं निमित्त. उंबऱ्यात उभं राहून त्यानं आमचं घर डोळ्यांनी झाडून घेतलं. खुंटीला चाळ टांगलेले दिसतात का, ते बघत होता.

मी ज्योतीराम, गवराचा थोरला भाऊ. शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचायला-लिहायला वाण्याच्या पुडीच्या कागदांनी शिकवलं. म्हणून माझ्या लिहिण्यात गोडवा शोधू नका. तो तुमच्याकडं शिकवत असतील.

आमच्या गावच्या जत्रेची एक रीत तुम्हाला सांगितली पाहिजे, कारण गवरानं सांगितली तेव्हा तुम्हाला ती खोटी वाटली. तमाशाला आमच्याकडं दोन बैलगाड्या जोडतात आणि वर फळ्या टाकतात, झालं रंगमंच. गाड्या द्यायचा मान आजाच्या काळापासून आमच्या घराचा. त्यामुळं त्या उभ्याही राहतात आमच्याच गोठ्याला पाठ लावून. पुढं सगळा गाव बसतो. सगळा म्हणजे गडी. आमच्यात बाया तमाशाला बसत नाहीत. पण गोठ्याला हातभर खिडकी आहे, आणि ती उघडते थेट नाचणारीच्या पाठीमागं.

गवरा परकरात होती तेव्हापासून जत्रेत त्या खिडकीला असायची. गॅसबत्त्या सगळ्या पुढच्या अंगाला. त्यामुळं मागून बाई काळीच दिसायची, पदराची कडा तेवढी पेटलेली. गाणं सुरू व्हायच्या आधी बाई डोईवर पदर पसरून प्रेक्षकांना पाठ करून उभी राहते. तेवढा वेळ तिचं तोंड गोठ्याकडं, पण अंधारात. मग ती गर्रकन वळते आणि पुढचं सगळं गड्यांचं.

सकाळी फडातली माणसं आमच्याच पडवीत झोपलेली असत. आई भाकरी द्यायची, गवरा पाण्याची कळशी.

पिंपरीत औषधाचा कारखाना उभा राहायला लागला तेव्हा मी तिथं चिकटलो, खोली घेतली, आणि गवराला चिंचवडच्या शाळेत घातलं. मॅट्रिक झाली आणि तीही कारखान्यात लागली. उजेडापुढं बाटली धरायची, आत कचरा दिसला की बाजूला ठेवायची. गणपतीत वसाहतीतल्या बायकांनी आपापसात कार्यक्रम केला, त्यात ती नाचली. इंजिनियरसाहेबांच्या सुमनताईंनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या खोलीवर आल्या.

"ज्योतीराम, नृत्य घेऊन आता पदवी मिळते, ठाऊक आहे? विद्यापीठात. मॅट्रिक लागते फक्त."

मला आधी यांचाच संशय आला. "ताई, नाचायला म्याट्रिक कशाला? पाय काय इंग्रजी बोलतात?"

त्या हसल्या. गवरा हसली नाही. ताई गेल्यावर मी तिला स्टोव्हपाशी गाठलं.

"गवरे, खरं सांग. तुला तिथं काय पायजे? नाच तर तुला येतोय."

"अर्धाच येतोय, दादा." काजळी पुसत ती म्हणाली. "पाय, टाच, कंबर, पाठ, समदं मागनं शिकले. पुढनं बाई काय करती, त्ये म्या कधी बघितलंच न्हाई. समदे गडी एकदम गप व्हायचे. मग एकदम टोप्या उडवायचे. मधी तिनं तोंडानं कायतरी केलंच आसंल की. त्ये काय, त्ये मला शिकायचंय."

"तोंड तर तू सकाळी बघायचीस. पानी घेऊन तूच जायचीस."

"व्हय. झोपल्यालं."

बापाला सांगितलं, तर तो एवढंच म्हणाला, "पदवी म्हंजी सरकारी कागुद ना? मग जाऊंद्या. पन गावात बोलू नगा."

आम्ही नाही बोललो, साहेब. गावात बोललात तुम्ही.

विद्यापीठात प्रवेशाची परीक्षा होती त्या दिवशी मी दाराबाहेर बाकावर होतो. शिपाई भला होता, त्यानं दार लोटून घेतलं नाही. तुम्ही मधल्या खुर्चीवर होतात. डाव्या हाताला एक बाई, उजव्या हाताला पानदान. तबलजी भिंतीला टेकून जांभया देत होता. गवरा मधोमध गेली, जमिनीला हात लावला, डोईवर पदर पसरला आणि तुम्हा दोघांना पाठ करून उभी राहिली.

"अहो मुली, परीक्षक इकडे आहेत," बाई म्हणाल्या. तुम्ही हसलात.

तुम्हाला वाटलं गांगरली. ती गांगरली नव्हती. नाच असाच सुरू होतो, एवढंच तिला माहीत होतं. मग ती वळली आणि तिनं पाय टाकला. तबलजीनं पाठ भिंतीपासून सोडवली. थोड्या वेळानं त्यानं तबल्याकडं बघायचं सोडलं, गवराच्या टाचांकडंच बघून वाजवायला लागला. तुम्ही चष्मा काढलात, पंच्यानं पुसलात, परत घातलात आणि पुढं सरकून बसलात. मी बघत होतो. कारखान्यात माझी नजर बॉयलरच्या काट्यावर बसलेली आहे, एवढंसं हललं तरी कळतं.

ती थांबल्यावर बाई म्हणाल्या, "पाय उत्तम. पण चेहरा? चेहऱ्यावर काहीच नाही. थकल्यासारखा चेहरा का केलास?"

मला तो चेहरा ओळखू आला. आमच्या पडवीतला होता. रात्रभर नाचून सकाळी उशाला हात घेऊन पडलेल्या बायकांचा. गवराला नाचणारीचं तेवढंच तोंड ठाऊक होतं, ते तिनं आणलं होतं.

"म्हनूनच आले जी. त्येच शिकायचंय," ती म्हणाली.

"गुरू कोण तुझे?" हे तुम्ही विचारलंत.

"कुनी न्हाई. गोठ्याच्या खिडकीतनं बघितलं."

तुम्ही बाईंकडं पाहिलंत. "कोणत्या फडात होतीस?"

"फडात न्हाई जी. आमी शेतकरी."

"घरंदाज मुलीला असं येत नाही," तुम्ही म्हणालात. ओरडून नाही, अगदी हळू. पण दार उघडं होतं.

म्हणजे काय, साहेब? ती वाईट नाचली असती तर घरंदाज ठरली असती? आणि असती फडात, तर? फडातल्या बाईनं शिकायला यायचं नाही हे कोणत्या कायद्यात लिहिलंय? माझ्या आईनं त्यांना भाकरी वाढल्या तेव्हा कुणाची चौकशी केली नव्हती.

चौकशीत काही निघालं नाही. पाटील उद्धवरावांनी खरं ते कळवलं, मुलगी कधी फडात नव्हती. तोवर तुमच्या जागा भरल्या होत्या. कळवलंत तेही दोन ओळींत.

पण चौकशी गावात राहिली, आणि गावाकडच्यांच्या तोंडून पिंपरीपर्यंत पोचली. कारखान्यात बायका जेवायला तिच्यापासून हातभर लांब बसायला लागल्या. यंदा जत्रेच्या आधी पंच जमले आणि गाड्यांचा मान आमच्या घरातून काढला. कोंडीराम म्हणाला, "ज्याच्या घरातली बाई नाचती, त्याच्या गाड्या देवाच्या कामाला कशा चालत्याल?" आणि त्या गाड्यांवर आजवर बायाच नाचल्या होत्या, हे त्या बैठकीत एकालाही आठवलं नाही. मी आठवण करून दिली. मला गप बस म्हणाले.

त्या रविवारी आम्ही दोघं गावी गेलो तर बाप गोठ्यात होता. खिडकी त्यानं दगडांनी बुजवली होती. शेवटचा दगड बसवत होता. आम्हाला बघून थांबला नाही.

गवरानं पदर खोचला, पाटीत शेण आणि माती कालवली आणि त्या दगडांवरून हात फिरवायला लागली. सारवणं तिचं आधीपासून चांगलं. एकसारखं, भिंतीच्या रंगाला रंग मिळवून.

"वर कोपऱ्यात फट ऱ्हायली, पोरी," बाप म्हणाला.

तिनं त्या फटीला क्षणभर डोळा लावला. पलीकडून ऊन येत होतं. मग अंगठ्यानं ती बुजवली.

परतताना मी सायकल हातात धरून आणि ती शेजारून, असे मोशीच्या चढाला लागलो. इंद्रायणीचा पूल मागं पडला होता. नखातली माती काढत मग तिनं विचारलं, "दादा, त्या सायबांनी सांगितलं का रं कायी?"

"जागा भरल्या म्हनून कळवलं की."

"त्ये न्हवं. नाच कसा झाला, त्ये."

नाही सांगितलं, साहेब. कोण होती, कुठली होती, कुणात बसली-उठली, सगळं विचारलंत. जागा द्या म्हणून मी लिहीत नाही. जागा तुमच्या तुम्हाला लखलाभ. पण चष्मा पुसून, पुढं सरकून तुम्ही बघितलंय. आमच्या घरातलं आता कुणी बघणार नाही, खिडकी बुजली. तेव्हा तिनं विचारलंय ते मी तुम्हाला विचारतोय.

नाच कसा झाला?

उत्तर द्या.