ब्रेकमधलं तेल

मित्रांनो, सातपूरला पेरूच्या झाडाखाली जी काळी, शंभर सीसीची मोटारसायकल उभी दिसते ना, ती मी. माझा रंग उडाला आहे आणि टाकीला पोचा आहे, पण त्यावरून हसू नका. माझं इंजिन अजून दुसऱ्या किकला चालू होतं.

कारखान्यातून मी थेट नांदगावच्या बहिरू दूधवाल्याकडे गेले. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून मी कधी ऊन म्हटलं नाही की पाऊस म्हटला नाही. "ही गाडी म्हणजे घरची लक्ष्मी," असं तो येईल त्याला सांगायचा. पुढे त्याने टेम्पो घेतला आणि लक्ष्मीची रवानगी गोठ्यात झाली. सीटवर कोंबड्या बसू लागल्या, साखळी गंजली, टायर बसले. कोणी ढुंकून बघेना, याचं फार वाईट वाटायचं.

तिथून मला हर्षालीने सातपूरला आणलं. हरसूलच्या एका शाळेत तिला शिक्षिकेची नोकरी लागली होती आणि शाळेच्या वेळेला पोहोचवणारी बस नव्हती. तिच्या शेखरमामाचं म्हणणं पडलं, की घाटाचा रस्ता, मुलगी नवशिकी आणि गाडी जुनाट, त्यापेक्षा नोकरीच नको. हर्षालीची आई, मालनबाई, ब्लाउज शिवून घर चालवायच्या. त्यांनी लेकीची बाजू घेतली, पण एक अट घातली.

"गाडीनं एकदा जरी दगा दिला, तर मी ती विकणार. मग रडायचं नाही."

म्हणजे हर्षालीची नोकरी माझ्या चाकांवर उभी होती. आणि मला या वयात भंगारवाल्याशिवाय दुसरं कोण घेणार होतं?

सुरुवातीला हर्षाली क्लच असा सोडायची, की मी बेडकासारखी उडी मारून बंद पडायचे. पण पोरगी चिकाटीची. मोबाइलवर व्हिडिओ बघून तिने साखळी धुतली, तिला तेल दिलं आणि मग इतकी ताणून बसवली, की माझा जीव मेटाकुटीला आला. दुसऱ्या दिवशी चूक कळल्यावर तिने ती स्वतःच सैल केली. प्लग साफ करणं, इंजिनचं ऑइल बदलणं, चाकातली हवा बघणं तिला जमू लागलं. नखांत काळं घेऊन ती शाळेत जायची आणि मी तिला रोज वेळेवर पोहोचवायचे.

मग दसरा आला. मालनबाईंनी शिलाई मशीनची पूजा केली आणि नंतर माझी. झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. माझा मागचा ब्रेक दाबला की चूं असा आवाज यायचा.

"बिचारी कुरकुरते गं," म्हणत त्यांनी मशीनच्या तेलाची कुपी आणली आणि ब्रेकची दांडी चाकात शिरते तिथे सढळ हाताने तेल सोडलं. आवाज बंद झाला. त्यांना कोण आनंद झाला! माझी मात्र पाचावर धारण बसली. पण मला कुठे बोलता येतं?

दुसऱ्या दिवशी गिरणारे मागे टाकून आम्ही वाघेऱ्याच्या घाटात उतरत होतो. वळणावर समोरून भरधाव जीप आली. हर्षालीने पायाचा ब्रेक दाबला, तरी चाक फिरतच राहिलं. तिने गियर उतरवले, पुढचा ब्रेक जपून आवळला आणि मला कडेच्या मातीत घातलं. आम्ही दोघी आडव्या झालो. तिचं कोपर सोलवटलं, माझा आरसा फुटला.

कशाबशा हरसूलला पोहोचलो, तेव्हा राजू मेकॅनिकने माझं चाक उघडलं. "ताई, चाकाला धरणारे ब्रेकचे लायनर तेलानं पार भिजलेत. ब्रेक लागंल कसा? या गाडीचे नवे माझ्याकडं नायत. हळूहळू जा, नाशकात घ्या."

हर्षाली नवे लायनर घेऊन घरी आली. कोपर बघून मालनबाई हळद घेऊन धावल्या. मामा म्हणाला, "उद्याच गिऱ्हाईक आणतो." मालनबाईंनी होकाराची मान हलवली.

हर्षाली पेचात पडली. मला वाचवायचं, तर आईच्या तेलाचं नाव घ्यावं लागणार. अंगणात बसून तिने चाक उघडलं आणि हाक मारली, "आई, जरा बघ ना."

मालनबाईंनी लायनरवर बोट फिरवलं, चिमटीत चोळलं, वास घेतला. त्यांचा चेहरा उतरला.

"हे माझ्या कुपीतलं तेल."

"हो."

"मशीनच्या पट्ट्याला मी तेलाचं बोटसुद्धा लागू देत नाही. पट्टा घसरतो, मशीन चालत नाही. आणि इथं मीच..." त्यांना रडू आवरेना. मलाही भरून आलं. त्यांनी मायेनंच केलं होतं हो.

डोळे पुसून त्या कापड आणि पेट्रोल घेऊन बसल्या आणि चाकातला ब्रेकचा डबा आतून कोरडा ठाक केला. हर्षालीने लायनर बसवले. प्रत्येक भागावर बोट ठेवून त्या विचारत होत्या, "इथं तेल चालतं?" हर्षाली सांगत होती, "साखळीला चालतं. इथं नाही."

"ताई, उद्याच्या गिऱ्हाइकाला काय सांगू?" मामाने विचारलं.

"गाडीनं दगा दिला नाही रे. तो माझ्या हातून झाला. विकायचं असेल तर मला विक."

हर्षालीने किक मारली. "गल्लीत ब्रेक तपासून येते," ती म्हणाली. मालनबाईंनी पदर खोचला आणि मागे येऊन बसल्या. त्या माझ्यावर पहिल्यांदाच बसत होत्या.

"आई, तू कशाला?"

"नाही लागला ब्रेक, तर एकटीच पडशील का?"

गल्लीच्या टोकाला हर्षालीने पाय दाबला आणि मी जागच्या जागी थांबले.

मित्रांनो, आम्हाला धुवा, पुसा, हार घाला, आमची ना नाही. पण आमचा कोणता भाग काय काम करतो, ते विचारल्याशिवाय त्याला हात लावू नका. तुमच्या मागच्या सीटवर कोणीतरी तुमच्या भरवशावर बसलेलं असतं.